दुसऱ्या हंगामाचा प्रश्न

फेब्रुवारी २०१४ मध्ये रशियातल्या सोची इथं हिवाळी ऑलिंपिक झालं. उद्घाटनाच्या संचलनात फिलिपिन्सकडून एकच खेळाडू चालत होता आणि देशाचा ध्वजही त्याच्याच हातात होता. मायकेल ख्रिश्चन मार्टिनेझ, वय १७. फिगर स्केटिंगमध्ये ऑलिंपिक गाठणारा आग्नेय आशियातला तो पहिला खेळाडू. तीस जणांत तो १९ वा आला. बर्फ न पडणाऱ्या देशातला, लहानपणापासून दम्यानं बेजार झालेला मुलगा केवळ जिद्दीवर बर्फ जिंकायला निघाला, अशी त्याची गोष्ट जगभर सांगितली गेली.

मे २०१८ मध्ये हीच गोष्ट मराठीत आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांत शिकणारे मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काठमोडे आणि विकास सोयाम एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांची नावं घेतली. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या मुलखातल्या मुलांनी बर्फावर पाय रोवले, याचं कौतुक व्हायलाच हवं होतं आणि ते झालं. पण कौतुकातून जो निष्कर्ष सर्वांनी काढला, तो मला उथळ वाटतो आणि मुलांच्या दृष्टीनं घातकही. निष्कर्ष असा, की जिद्द असली की साधनं नसली तरी चालतं.

माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. या दोन्ही उदाहरणांत साधनं होती, आणि ती होती म्हणूनच जिद्दीला काही करता आलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एकदा गाठलेलं शिखर आणि खेळाडूची कारकीर्द या वेगळ्या गोष्टी आहेत. कारकीर्द घडते ती दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या हंगामात. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेकाठच्या मार्कंड्यापासून थेट सिरोंच्यापर्यंतच्या मुलांना आपण शिखरं दाखवली, हंगाम दिले नाहीत.

मॉलमधला बर्फ

मार्टिनेझच्या गोष्टीतला सर्वांत दुर्लक्षित तपशील म्हणजे ती जागा. मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यास शहरात एसएम साउथमॉल नावाचा मॉल आहे आणि त्यात बर्फाची फरशी आहे. ती ऑलिंपिकसाठी बांधलेली नव्हती. खरेदीला आलेल्या कुटुंबांनी तासभर रमावं, एवढाच तिचा हेतू होता. तिथं आठ-नऊ वर्षांच्या मायकेलनं स्केटिंग करणारी मुलं पाहिली आणि हट्ट धरला. धुळीच्या मैदानावर ज्याचा श्वास कोंडायचा, त्याला तिथल्या थंड हवेत त्रास कमी होत गेला.

घरापासून रोज जाता येईल अशा अंतरावर वर्षभर टिकणारा बर्फ होता, हे इथलं खरं कारण आहे. ते हवामानात शोधायचं कारण नाही आणि वंशात तर नाहीच. मलेशियाचा ज्युलियन यी याची कहाणी पडताळून पाहा. त्याचीही सुरुवात मॉलमधल्याच बर्फावर, क्वालालंपूरजवळच्या सनवे पिरॅमिडमध्ये झाली, आणि २०१८ च्या प्याँगचँग ऑलिंपिकमध्ये तोही उतरला. दोन उष्ण देश, दोन मॉल आणि दोन ऑलिंपिक खेळाडू. याला मी चमत्कार म्हणणार नाही.

उलट बाजूही पाहावी. आपल्या देशात हिमालय आहे, सिमल्याला शंभर वर्षांहून जुनं स्केटिंगचं मैदान आहे. पण तिथला बर्फ नैसर्गिक, म्हणजे थंडीच्या मोजक्या आठवड्यांपुरता. डेहराडूनला २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी कृत्रिम बर्फाचं मोठं बंदिस्त मैदान उभारलं गेलं आणि स्पर्धा आटोपल्यावर ते वर्षानुवर्षं बंद राहिलं. स्पर्धेसाठी बांधलेल्या त्या मैदानावर मुलांना रोजचा सराव मिळाला नाही. करमणुकीसाठी बांधलेल्या मनिलातल्या मैदानावर मात्र तो मिळाला, कारण ते रोज उघडं होतं. मैदान किती भव्य आहे यापेक्षा ते वर्षातून किती दिवस आणि किती मुलांच्या पायांच्या टप्प्यात आहे, हे अधिक निर्णायक ठरतं.

पराक्रम आणि कारकीर्द

आता चंद्रपूरकडे येऊ. 'मिशन शौर्य' हा आदिवासी विकास विभाग आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनाचा उपक्रम होता. ऑगस्ट २०१७ पासून निवडक मुलांना वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख इथं प्रशिक्षण मिळालं. त्याआधी २०१४ मध्ये तेलंगणातल्या सरकारी निवासी शाळेची मालावत पूर्णा ही १३ वर्षांची मुलगी एव्हरेस्टवर पोचली होती. तो आदर्श समोर होता. म्हणजे इथंही जिद्दीच्या जोडीला शासनाचा पैसा होता, प्रशिक्षक होते, महिनोन्‌महिने खाण्यापिण्याची व्यवस्था होती. साधनांशिवाय काहीच घडलं नव्हतं. हे सांगितल्यानं त्या पाच जणांचं धैर्य तसूभरही कमी होत नाही.

अडचण आहे ती उद्दिष्टाच्या स्वरूपात. एव्हरेस्ट चढणं हा पराक्रम आहे, पण ती स्पर्धा नव्हे. तिथं पुढच्या आठवड्यात दुसरी फेरी नसते, क्रमवारी नसते, आणि एका मोहिमेचा खर्च इतका असतो की ती वाट मागच्या शंभर मुलांना खुली होऊ शकत नाही. शिखरावर झेंडा रोवला की योजनेचं उद्दिष्ट पूर्ण होतं. त्या क्षणी मूल मात्र अठरा-एकोणीस वर्षांचं असतं आणि त्याचं सगळं आयुष्य पुढं असतं.

मार्टिनेझचं पुढं काय झालं, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. सोचीच्या पुढच्या चार वर्षांत दुखापती झाल्या, परदेशातल्या प्रशिक्षणाचा खर्च वाढत गेला. सोचीपर्यंत पोचवण्यासाठीच कुटुंबानं घर गहाण ठेवलं होतं, हे तेव्हा गाजलं होतं. २०१७ च्या क्वालालंपूर आग्नेय आशियाई स्पर्धांत फिगर स्केटिंगचा प्रथमच समावेश झाला, तेव्हा सुवर्ण ज्युलियन यीला मिळालं आणि मार्टिनेझ दुसरा आला. २०१८ च्या ऑलिंपिकला त्याला थेट पात्रता मिळाली नव्हती. स्वीडननं आपली जागा सोडल्यावर राखीव यादीतून त्याचा नंबर लागला. तिथं तो २८ वा आला. पहिल्या फेरीतून चोवीसच जण पुढं जातात, त्यामुळे त्याची स्पर्धा तिथंच संपली.

१९ वरून २८ वर आलेला हा आलेख कोणाला उतरणीचा वाटेल. मला त्यात कारकिर्दीचं खरं रूप दिसतं. पराक्रमाच्या गोष्टी चढणीवर थांबतात. कारकिर्दीत उतार असतो, दुखापत असते, राखीव यादीत ताटकळणं असतं, आणि या प्रत्येक टप्प्यावर कोणाला तरी पैसे भरावे लागतात. मार्टिनेझसाठी बराच काळ ते घरच्यांनी भरले. कुटुंबाच्या खिशावर चालणारी कारकीर्द कुठपर्यंत ताणली जाते, हेही त्याच्या उदाहरणातूनच कळतं. त्याच देशाच्या हिडिलिन डियाझनं २००८ मध्ये पहिलं ऑलिंपिक खेळलं तेव्हा ती पदकाच्या जवळपासही नव्हती. २०१२ रिकामं गेलं, २०१६ ला रौप्य आलं, आणि टोकियोत भारोत्तोलनाचं सुवर्ण. फिलिपिन्सच्या इतिहासातलं पहिलं. तिच्यामागे हवाई दलाची नोकरी होती. सुवर्णाआधी तीन ऑलिंपिक खेळायला मिळणं, हे त्या पदकाचं मूळ आहे.

हरण्याची सोय

इथं माझ्या युक्तिवादाचा गाभा येतो. खेळाडू घडायला हरण्याची सोय लागते. फिगर स्केटिंग करणारं मूल एका हंगामात अनेकदा स्पर्धेत उतरतं. एकीकडे उडी चुकते, तीन आठवड्यांनी दुसरीकडे तीच उडी सावरते. सोचीच्या पात्रतेसाठी मार्टिनेझला सप्टेंबर २०१३ मध्ये जर्मनीतल्या नेबेलहॉर्न स्पर्धेत खेळावं लागलं. पण तिथवर तो कनिष्ठ गटाच्या कितीतरी स्पर्धा हरत-जिंकत पोचला होता. प्रत्येक पराभवानं पुढच्या सरावाला दिशा दिली.

चामोर्शी तालुक्यातल्या आश्रमशाळेतली मुलगी कशी खेळते? आदिवासी विकास विभागाच्या क्रीडा स्पर्धा दरवर्षी होतात: आधी प्रकल्प पातळीवर, मग विभाग, मग राज्य. गडचिरोली, अहेरी, भामरागड, चंद्रपूर, चिमूर हे प्रकल्प नागपूर विभागात येतात. रचना चांगली आहे, आणि ती टिकवणाऱ्या शिक्षकांबद्दल मला आदर आहे. पण ही रचना गाळणीसारखी आहे. जी प्रकल्प पातळीवर तिसरी-चौथी आली, तिचं त्या वर्षाचं खेळणं बहुतेक वेळा तिथंच थांबतं. शालेय स्पर्धांचीही तीच तऱ्हा. तेरा वर्षांच्या मुलीला आपण वर्षातून एकदा सांगतो की तू कमी पडलीस, आणि का कमी पडलीस हे शोधायला तिला पुढची संधी एका वर्षानं देतो. तोवर तिचं वय बदलतं, गट बदलतो, कधी शाळाही सुटते.

म्हणून दहा गावांच्या मुलांसाठी दर महिन्याला एक साधी स्पर्धा भरवणं, हे एका मुलाला परदेशी पाठवण्यापेक्षा मोठं काम आहे असं मी म्हणतो. त्याला लागतं काय? आखलेलं मैदान, स्टॉपवॉच, मोजपट्टी, नोंदवही आणि त्या नोंदी पुढच्या महिन्यात उघडून पाहणारा माणूस. या यादीतली शेवटची गोष्टच सर्वांत दुर्मीळ आहे.

पहाटेची धाव कशासाठी

'आदिवासी मुलांना सातत्य नसतं' असं शहरात सहज बोललं जातं. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर भरतीच्या मोसमात पहाटे उभं राहावं. अंधारात मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावायचं असतं आणि गोळा फेकायचा असतो. मिळून ५० गुण. कोणत्या वेळेला किती गुण, हे मुलांना तोंडपाठ असतं. प्रशिक्षक नाही, मोजे धड नाहीत, आहार घरचा, आणि तरीही ही मुलं महिनोन्‌महिने धावतात.

जिद्द, सातत्य, सोसण्याची तयारी या मुलखात मुबलक आहे, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा? या मुलांना वाट माहीत आहे: जाहिरात येईल, मैदानी चाचणी होईल, गुण मिळतील, लेखी होईल, वर्दी मिळेल. पायऱ्या दिसतात म्हणून पाय उचलला जातो. खेळाच्या बाबतीत असं काहीच दिसत नाही. १६०० मीटर उत्तम धावणारा मुलगा १५०० मीटरच्या राज्य स्पर्धेत किती मागं आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. भरती झाली की धाव थांबते. भरतीचं वय उलटलं तरी थांबते. जिल्ह्यातली सर्वांत मोठी मैदानी चळवळ अशी दरवर्षी उभी राहते आणि दरवर्षी विरते. क्रीडा खात्यानं तिच्याकडे होतकरू खेळाडूंचा साठा म्हणून पाहिलं, तर मुलं शोधत हिंडावं लागणार नाही. मुलं आधीच रस्त्यावर आलेली आहेत.

'रक्तात आहे' आणि 'हवेत नाही'

उथळ मताला एक जुळं भावंड आहे. आदिवासी मुलांच्या 'रक्तातच' तिरंदाजी आहे, धावणं आहे, असं व्यासपीठांवरून सांगितलं जातं. 'बर्फाचे खेळ आपल्या हवेत नाहीत' या मताचीच ही दुसरी बाजू. दोन्हीकडे निसर्गावर भार टाकला की माणसांची जबाबदारी संपते.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत अदिती स्वामी आणि ओजस देवतळे हे दोघं एकाच वेळी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेते झाले. अदिती साताऱ्याची, तेव्हा १७ वर्षांची. ओजस नागपूरचा, आणि प्रशिक्षणासाठी तो विदर्भातून साताऱ्याला गेला, प्रवीण सावंत यांच्या अकादमीत. साताऱ्याच्या रक्तात तिरंदाजी होती असं कोणी म्हणत नाही. तिथं एक प्रशिक्षक वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला होता. फलटण तालुक्यातल्या सरडे गावच्या प्रवीण जाधवला जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकानं खेळाकडे वळवलं, अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीनं धनुष्य हातात दिलं, आणि तो टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिकं खेळला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलाला 'तुझ्या रक्तात आहे' म्हणून बांबूचं धनुष्य देऊन फोटो काढायचा, आणि ऑलिंपिकचं धनुष्य मात्र लाखाच्या घरातलं, दुसऱ्या जिल्ह्यात ठेवायचं, यात त्या मुलाचा गौरव नाही.

जंगलाचं कॅलेंडर

एक गोष्ट मात्र बाहेरच्या कुठल्याही नमुन्यातून सुटते, आणि ती इथल्या लोकांनाच ठाऊक आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचायचा असतो, मे महिन्यात तेंदूपानं तोडायची असतात. तेंदूच्या हंगामात अनेक घरांची वर्षातली मोठी रोख कमाई होते, आणि त्यात घरातले सगळे हात लागतात. आश्रमशाळेला सुट्टी लागली की मुलं घरी जातात, ते योग्यच आहे. पण धावपटूच्या दृष्टीनं हे दोन-अडीच महिने सराव तुटण्याचे असतात आणि जूनमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

यावर मुलांना जंगलापासून तोडणं हा उपाय मला मान्य नाही. ज्या घरातलं मूल उन्हाळी सराव शिबिरात राहील, त्या घराला तेंदूच्या हंगामाची भरपाई शिष्यवृत्ती म्हणून द्यावी, एवढं साधं हे आहे. मार्टिनेझच्या आईनं घर गहाण ठेवलं. भामरागडच्या आईकडे गहाण ठेवायला काय आहे? एक मूल हंगामाला मुकलं, तर घराचा तोटा तिथंच होतो. आपल्या योजनांमध्ये बूट, ट्रॅकसूट, प्रवासभाडं असतं. या तोट्याचा रकाना कुठंच नसतो.

प्रकृतीचंही तसंच. गोंड, माडिया समाजांत सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे, मलेरियाही आहे. सिकलसेलचा वाहक असलेल्या मुलाला कडक उन्हात, पाण्याविना, टोकाचा व्यायाम करवणं धोक्याचं असतं. तपासणी करून, पाणी आणि विश्रांती सांभाळून तो खेळू शकतो. मार्टिनेझचा दमा त्याच्या खेळाच्या आड आला नाही, कारण त्याची काळजी घेणारं कोणीतरी रोज शेजारी होतं. आपल्याकडे तेरा वर्षांच्या मुलाला चक्कर आली की 'दम नाही' असा शेरा मिळतो.

आक्षेप

पहिला आक्षेप गंभीर आहे. जिथं कुपोषण आहे, पावसाळ्यात गावं तुटतात, तिथं खेळाच्या कारकिर्दीची चर्चा चैनीची नाही का? मी वर जे मागितलं ते पुन्हा पाहावं: वेळेवर आहार, रक्ततपासणी, वसतिगृहात लक्ष देणारा माणूस, उन्हाळ्यात घराला आधार. यातलं काय खेळ न खेळणाऱ्या मुलाला नको आहे? खेळासाठी उभारलेली रोजची व्यवस्था ही आरोग्याचीच व्यवस्था असते.

दुसरा आक्षेप कविता राऊतच्या नावानं घेतला जातो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची ही मुलगी अनवाणी धावली आणि २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य, मग आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. तिला कुठं सोय होती? होती. विजेंदर सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक नाशिकला होता आणि ती त्याच्याकडे राहून वर्षानुवर्षं धावली. तिच्या मागोमाग त्याच नाशिकमधून, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली मोनिका आथरे आली, संजीवनी जाधव आली. जिद्द एकटीची असती तर गोष्ट एकटीवर संपली असती. तिथं रांग तयार झाली.

तिसरा आक्षेप: शासनानं प्रयत्न केले आहेत. खरं आहे. बल्लारपूरजवळ विसापूरला उत्तम क्रीडा संकुल आहे. डिसेंबर २०२३ मध्ये तिथं राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या. २०२४ च्या ऑलिंपिकवर डोळा ठेवून २०१८ मध्ये 'मिशन शक्ती'ची घोषणा झाली. पॅरिसला महाराष्ट्रातून गेलेल्यांत चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांतलं नाव नव्हतं, म्हणून मी त्या योजनेला दोष देणार नाही. सहा वर्षांत ऑलिंपिक खेळाडू तयार होत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि त्याच्या नेमबाजीला कांस्यपदक लागलं ते १ ऑगस्ट २०२४ रोजी. पंधरा वर्षं. मधल्या काळात त्याला रेल्वेची नोकरी होती आणि निवड हुकलेली ऑलिंपिकंही होती. माझी तक्रार ऑलिंपिकच्या तारखेला बांधलेल्या हिशेबाबद्दल आहे. तारीख उलटली की योजना विसरली जाते, आणि तिच्यात बारा वर्षांची असताना आलेली मुलगी अठराव्या वर्षी, ऐन उमेदीत, एकटी पडते.

आणि विसापूरची धावपट्टी कितीही चांगली असली, तरी ती मार्कंड्याच्या मुलासाठी वैनगंगेपलीकडे, दुसऱ्या जिल्ह्यात आहे. सिरोंच्याहून तर खुद्द गडचिरोलीच दोनशे किलोमीटरच्या आसपास. तिथं तो निवड चाचणीला एकदा जाऊ शकतो, सरावाला रोज नाही.

मोजायचं काय

आता २०३६ च्या ऑलिंपिकचं यजमानपद भारताला मिळावं म्हणून हालचाली चालू आहेत, आणि पुन्हा नव्या 'मिशन'ची नावं सुचू लागतील. त्याआधी क्रीडा आणि आदिवासी विकास या दोन खात्यांनी मिळून एक नोंद ठेवायला सुरुवात करावी. या वर्षी प्रकल्प पातळीवर धावलेल्या, फेकलेल्या, उड्या मारलेल्या प्रत्येक मुलाचं नाव आणि त्याची कामगिरी लिहावी. पाच वर्षांनी त्यांतली किती मुलं अजून खेळत आहेत, हे मोजावं. पदकं किती आली हा आकडा त्यानंतर. आणि जी मुलं सुटली, ती कोणत्या महिन्यात सुटली हेही लिहावं. बहुतेकांच्या नावापुढे मार्च ते मे यांतलाच महिना येईल असा माझा अंदाज आहे. तो खरा निघाला, तर पहिला खर्च संकुलावर न करता त्या तीन महिन्यांवर करावा लागेल.